दादाभाई, सॅलिस्बरी आणि सोयीचा संताप

बडोद्याच्या दिवाणगिरीत जेमतेम वर्षभर टिकलेले एक पारशी गृहस्थ पुढे लंडनच्या एका मतदारसंघातून अवघ्या तीन मतांनी निवडून येतात आणि ब्रिटिश पार्लमेंटात जाऊन बसतात. दादाभाई नौरोजींबद्दल शाळेत आपण सगळ्यांनीच दोन-चार ओळी पाठ केल्या आहेत. भारताचे पितामह, संपत्तीच्या निःसारणाचा सिद्धांत, तीन वेळा काँग्रेसचे अध्यक्ष. मार्क मिळाले, विषय संपला.

पण या ओळींच्या मधे एक प्रकरण दबून राहिले आहे. ते वाचताना सारखे वाटत राहते की हे काल-परवाच्या बातम्यांतले असावे. देशाचा पंतप्रधान भर सभेत विरोधी पक्षाच्या माणसाच्या कातडीच्या रंगावर घसरतो. विरोधी पक्ष आभाळ डोक्यावर घेतो. आणि त्याच वेळी, त्याच विरोधी पक्षातली काही मंडळी या माणसाचा पत्ता कसा कापायचा याच्या खटपटीत असतात. दादाभाईंची गोष्ट या बाजूने सांगायला हवी.

घराणे मूळ नवसारीचे, पारशी धर्मगुरूंचे. नवसारी तेव्हा गायकवाडांच्या मुलखात. जन्म ४ सप्टेंबर १८२५ चा. मुलगा चार वर्षांचा असताना वडील गेले. आई माणेकबाईंनी एकटीने वाढवले, तेही मुंबईत, हाताशी फारसे काही नसताना. त्या काळी मुंबईत फुकट शिकवणारी शाळा होती म्हणून हा पोरगा शिकला, ही गोष्ट दादाभाई जन्मभर विसरले नाहीत. लोकांच्या पैशावर शिकलो, तेव्हा लोकांचे देणे लागतो, हा त्यांचा साधा हिशेब. पुढचे सगळे आयुष्य हिशेबातच गेले म्हणा.

एल्फिन्स्टनमध्ये ते इतके चमकले की मुंबईचे सरन्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांनी त्यांना बॅरिस्टरीसाठी विलायतेला पाठवायचे ठरवले आणि निम्मा खर्च आपण देऊ म्हणाले. उरलेला निम्मा पारशी समाजाने द्यायचा. समाजातल्या वडीलधाऱ्यांना धास्ती वाटली की पोरगा तिकडे जाऊन ख्रिस्ती होईल. बेत बारगळला. मग दादाभाई एल्फिन्स्टनमध्येच शिकवू लागले आणि गणित व पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. त्या काळात एका भारतीयाने त्या खुर्चीवर बसणे ही लहान गोष्ट नव्हती. १८४९ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या तरुण सोबत्यांनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या, पारशी मुलींसाठी गुजराती आणि हिंदू मुलींसाठी मराठी. नाना शंकरशेटांनी गिरगावातल्या आपल्या वाड्यात जागा दिली. मराठी मुलींच्या शिक्षणाच्या इतिहासात दादाभाईंचे नाव हवे, ते आपण सहसा घेत नाही.

१८५५ मध्ये ते कामा कंपनीतर्फे लंडनला गेले. व्यापार त्यांना फारसा मानवला नाही. अफू आणि दारूच्या धंद्याशी संबंध नको म्हणून कामांची भागीदारी सोडली, पुढे स्वतःची पेढी काढली, ती वर-खाली होत राहिली. पण लंडनने त्यांना दुसरेच एक काम दिले. इंग्रजांच्या घरात बसून इंग्रजांना त्यांचेच शब्द वाचून दाखवायचे.

त्याची पहिली ठळक वेळ १८६६ ची. लंडनच्या एथ्नॉलॉजिकल सोसायटीत जॉन क्रॉफर्ड नावाचे वजनदार गृहस्थ होते. कंपनी सरकारात मोठमोठी पदे भोगून आलेले. त्यांनी युरोपीय आणि आशियाई वंशांवर निबंध वाचला. सार एवढेच, की आशियाई माणूस बुद्धीने आणि नीतीने जात्याच खालचा. दादाभाईंनी त्याच सोसायटीत उभे राहून त्याला उत्तर दिले. आवाज चढवला नाही. क्रॉफर्डचा एकेक दावा घेतला आणि खुद्द इंग्रज अधिकाऱ्यांच्या, प्रवाशांच्या, विद्वानांच्या साक्षी समोर ठेवल्या. तुमचाच माणूस काय लिहितो बघा, एवढेच. ही त्यांची रीत शेवटपर्यंत टिकली. त्या उत्तरात एक कच्चा दुवाही होता, तो आत्ताच सांगून टाकतो. आमची संस्कृती जुनी, आम्ही काही रानटी नव्हे, हा त्यांचा मुख्य आधार. म्हणजे जगात कोणीतरी खरेच रानटी आहे, ही समजूत तशीच राहिली. यावर पुढे येऊ.

बडोदेकरांना दादाभाई ठाऊक आहेत ते मल्हारराव गायकवाडांच्या प्रकरणातून. मल्हाररावांच्या कारभाराबद्दल तक्रारींचा पाऊस पडत होता आणि रेसिडेंट कर्नल फेअर हे त्यांच्यावर डूक धरून होते. अशा वेळी महाराजांनी दादाभाईंना दिवाण म्हणून बोलावले. त्यांच्याबरोबर बाळ मंगेश वागळे, काझी शहाबुद्दीन अशी शिकलेली माणसे आली. १८७४ हे साल या मंडळींनी बडोद्यात काढले. एका बाजूला दरबारातली जुनी खोडं, दुसऱ्या बाजूला रेसिडेंटचा उघड विरोध, आणि मधे स्वतः महाराज, आज एक बोलतील आणि उद्या दुसरे. १८७५ उजाडता उजाडता दादाभाई बाहेर पडले होते.

तेवढ्यात फेअरवर विषप्रयोग झाल्याचा आरोप महाराजांवर आला आणि चौकशीसाठी कमिशन बसले. तीन इंग्रज, तीन भारतीय. भारतीयांमध्ये ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि ग्वाल्हेरचे माजी दिवाण सर दिनकरराव. इंग्रज तिघांना महाराज दोषी वाटले, भारतीय तिघांना आरोप सिद्ध झाला असे वाटले नाही. तीन विरुद्ध तीन. तेव्हा सरकारने विषाचा मुद्दा बाजूला ठेवला आणि गैरकारभाराच्या कारणावरून १८७५ च्या एप्रिलमध्ये मल्हाररावांना गादीवरून दूर केले. मल्हाररावांचा कारभार काही धुतल्या तांदळासारखा नव्हता, हे दादाभाईंइतके जवळून कोणी पाहिले नसेल. पण साक्षी त्याच, कागद तेच, आणि निकाल मात्र कातडीच्या रंगाप्रमाणे दुभंगलेला, हेही साऱ्या हिंदुस्थानाने पाहिले.

आता एक योगायोग. या सगळ्या काळात लंडनमध्ये भारतमंत्री कोण होते? लॉर्ड सॅलिस्बरी.

हे सॅलिस्बरी म्हणजे हुजूर पक्षातले सर्वांत बुद्धिमान आणि जिभेने सर्वांत तिखट पुढारी. भारतमंत्री असताना त्यांनी एका सरकारी टिपणात भारताचे रक्त काढण्याची भाषा वापरली होती. रक्त काढायचेच आहे तर शेतकऱ्याच्या अंगात ते आधीच कमी आहे, तेव्हा नस्तर जिथे रक्त जास्त आहे तिथे लावावे, अशा अर्थाची. टिपण लिहिताना त्यांना वाटलेही नसेल, पण दादाभाईंनी ते वाक्य उचलले आणि पुढची तीसेक वर्षे सभांमधून, निवेदनांमधून इंग्रजांना ऐकवले. बघा, आम्ही म्हणत नाही, तुमचे मंत्रीच म्हणतात. याच सॅलिस्बरींच्या कारकिर्दीत आयसीएस परीक्षेची वयोमर्यादा २१ वरून १९ वर आणली गेली. परीक्षा लंडनमध्ये, इंग्रजीत, आणि वय एकोणीसच्या आत. भारतातल्या मुलाने मग सतराव्या-अठराव्या वर्षी, आईबापांचे घर गहाण टाकून समुद्र ओलांडायचा. कायद्यात रंगाचा उल्लेख कुठे नाही, दरवाजा मात्र बंद.

१८८६ च्या मे महिन्यात आयर्लंडच्या होमरूलचा वाद पेटला असताना सॅलिस्बरींनी लंडनच्या सभेत सांगितले की स्वराज्याच्या संस्था सगळ्यांनाच झेपत नाहीत. उदाहरण म्हणून त्यांनी आफ्रिकेतल्या हॉटेंटॉट लोकांचे नाव घेतले, मग एक पायरी वर म्हणून भारतीयांचे. आयरिश लोक भडकले. आम्हाला हॉटेंटॉटांच्या रांगेत बसवता? लिबरल पक्षाने हे वाक्य निवडणुकीत यथेच्छ वापरले. सगळा राग होता तो त्या रांगेत बसवल्याचा. ज्यांचे नाव शिवीसारखे वापरले गेले त्या हॉटेंटॉटांच्या वतीने रागावायला कोणाला सवड नव्हती, आणि भारतीयांचा उल्लेखही त्या गलक्यात विरूनच गेला.

त्याच उन्हाळ्यात दादाभाई पहिल्यांदा पार्लमेंटच्या निवडणुकीला उभे राहिले, लिबरल पक्षातर्फे, लंडनच्या हॉल्बर्नमधून. त्यांच्या आधी बंगालचे लालमोहन घोष डेप्टफर्डमधून लढून हरले होते. हॉल्बर्न म्हणजे हुजूर पक्षाचा गड. त्यात आयर्लंडच्या प्रश्नावर लिबरल पक्ष उभा फुटलेला. दादाभाईंना उमेदवारी मिळाली ती पडायचीच जागा होती म्हणून, असे म्हटले तरी चालेल. एका हितचिंतक इंग्रजाने त्यांना सल्ला दिला की पारशी पगडी उतरवा आणि इंग्रजी हॅट घाला. निकाल लागला. कर्नल डंकन ३,६५१, नौरोजी १,९५०.

दोन वर्षांनी डंकन वारले आणि नोव्हेंबर १८८८ मध्ये हॉल्बर्नला पोटनिवडणूक झाली. जागा हुजूर पक्षानेच राखली, पण मताधिक्य घटले. सॅलिस्बरी आता पंतप्रधान होते. एडिंबरोच्या सभेत या घटीचा खुलासा करताना ते म्हणून गेले की १८८६ चे मताधिक्य मोठे दिसते कारण तेव्हा समोर एक काळा माणूस उभा होता, आणि इंग्रज मतदार काळ्या माणसाला निवडून देईल इथपर्यंत आपण अजून आलेलो नाही. सभेत हशा पिकला.

हिशेब म्हणूनही हे चूक होते. १८८६ मध्ये लिबरल उमेदवार देशभर आपटले, तेही गोऱ्या कातडीचे. हॉल्बर्नमधल्या पराभवाला आयर्लंड पुरेसे होते. पण हिशेब कोण बघतो? एका रात्रीत दादाभाईंचे नाव ब्रिटनभर झाले. ज्यांना त्यांचे नाव धड उच्चारता येत नव्हते त्यांनीही ते ऐकले. लिबरल वर्तमानपत्रांनी पंतप्रधानांना फाडून खाल्ले. खुद्द ग्लॅडस्टन यांनी जाहीर सभेत समाचार घेतला. जानेवारी १८८९ मध्ये नॅशनल लिबरल क्लबाने दादाभाईंच्या सन्मानार्थ मेजवानी दिली. भारतातली वर्तमानपत्रेही पेटून उठली. सॅलिस्बरींनी पुढे सारवासारव केली, की काळा म्हणण्यात तुच्छता नव्हती, सुदानात आपले सैन्य ज्यांच्याशी लढते आहे ते काळेच आहेत आणि मोठे शूर आहेत. पण अशा उमेदवाऱ्या मुळातच विसंगत आणि अनुचित, हे मत त्यांनी सोडले नाही.

लिबरल मंडळींच्या या संतापाची जात मात्र तपासून पाहण्यासारखी आहे. बहुतेकांचा बचाव काय होता? नौरोजी काळे नाहीतच! पारशी म्हणजे प्राचीन इराणी वंश, रंग जवळजवळ युरोपीय. ग्लॅडस्टन यांच्या नावावर तर अशी कोटी सांगितली जाते की दोघांत सॅलिस्बरीच जास्त सावळे. टाळ्या पडल्या असतील. पण याचा अर्थ लावून बघा. खरोखर काळा असलेला माणूस उभा राहिला असता तर पंतप्रधानांचे बोलणे बरोबर ठरले असते की काय? आक्षेप शब्दातल्या विषावर नव्हता, पत्ता चुकला यावर होता. आपल्याकडेही बघा, कोणी ईशान्येकडच्या पोराला चिनी म्हटले की आपण लगेच सांगतो की अहो तो भारतीयच आहे, आणि चिनी माणसाला तसे हिणवणे चालेल का, हा प्रश्न तसाच राहतो.

आणि हे चालू असताना फिन्सबरीत काय शिजत होते? १८८८ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे सॅलिस्बरींच्या भाषणाच्या तीन महिने आधी, सेंट्रल फिन्सबरीच्या लिबरल संघटनेने मतदान घेऊन दादाभाईंना उमेदवार निवडले होते. हरलेल्या गटाने निकाल मानलाच नाही. बैठका उधळल्या, निवड कायदेशीर नाही म्हणून वाद घातला. पहिल्या प्रतिस्पर्ध्याने माघार घेतली तर फोर्ड नावाचा दुसरा उभा केला, आणि तो ऐन निवडणूक तोंडावर येईपर्यंत हटला नाही. पक्षाच्या वरच्या यंत्रणेने शब्द टाकला असता तर हा तमाशा आठवडाभरात मिटला असता. ती यंत्रणा वर्षानुवर्षे हात आखडून बसली. तिथला युक्तिवाद असा, की माणूस चांगला आहे हो, पण निवडून येणार नाही. म्हणजे तेच, जे सॅलिस्बरी बोलले होते. फक्त त्यांनी माईक नसलेल्या काळातही सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलून दाखवले, आणि हे लोक कुजबुजत होते. तिकडे क्लबात मेजवानी आणि इकडे वॉर्डात खड्डा. सीमाभागात राहणाऱ्या वाचकाला यात काही नवे वाटणार नाही. आपल्या भाषेचा, आपल्या माणसांचा अपमान झाला की कोणत्या पक्षाच्या तोंडून झाला हे आधी विचारायचे आणि मग रागवायचे की नाही ते ठरवायचे, हे आपण दोन्ही राज्यांत पाहत आलो आहोत.

दादाभाईंनी काय केले? पंतप्रधानांच्या माफीसाठी ते अडून बसले नाहीत. अपमानाने मिळालेली प्रसिद्धी मात्र त्यांनी वाया जाऊ दिली नाही. वर्तमानपत्रे त्यांना सॅलिस्बरींचा काळा माणूस म्हणू लागली होती, तर त्या नावाचाच उपयोग करून घेतला. चार वर्षे ते फिन्सबरीच्या गल्ल्यांतून फिरले. कामगारांच्या सभा, स्त्रियांच्या हक्कांच्या सभा, आयरिश होमरूलच्या सभा. स्वतःचे पैसे ओतले. वय पासष्टीच्या पुढे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्यासारखी माणसे पाठीशी उभी राहिली. आणि १८९२ च्या जुलैत निकाल आला. नौरोजी २,९५९, हुजूर पक्षाचे कॅप्टन पेंटन २,९५६.

तीन मते! ज्यांना नौरोजी म्हणता येत नव्हते त्यांनी त्यांचे नाव नॅरो मेजॉरिटी करून टाकले. चेष्टा होती, पण या चेष्टेत विष नव्हते. पेंटन यांनी निकालाला दिलेले आव्हान पुढे टिकले नाही. दादाभाईंनी अवेस्तावर हात ठेवून शपथ घेतली. इंग्रज मतदार तिथपर्यंत आला आहे की नाही, या पंतप्रधानांच्या प्रश्नाला तीन माणसांनी उत्तर दिले होते. इतके काठावरचे उत्तर इतिहासात क्वचितच सापडेल.

मग लिबरल पक्ष सत्तेवर आला, दादाभाई सत्ताधारी बाकांवर. आता परीक्षा मित्रांची होती. जून १८९३ मध्ये हर्बर्ट पॉल यांनी कॉमन्समध्ये ठराव मांडला की आयसीएसची परीक्षा लंडनबरोबर भारतातही एकाच वेळी घ्यावी. दादाभाईंची ही पंचवीस वर्षांची मागणी. सरकारची इच्छा नसताना ठराव ८४ विरुद्ध ७६ मतांनी पास झाला. भारतात आनंदीआनंद झाला. त्यानंतर भारतमंत्री लॉर्ड किंबर्ली यांनी तो भारतातल्या प्रांतिक सरकारांच्या अभिप्रायासाठी पाठवला. मद्रास सोडून सगळ्यांनी नको म्हटले. नको म्हणणारे कोण? ज्यांच्या खुर्च्या धोक्यात होत्या तेच. १८९४ मध्ये ठराव गुंडाळून ठेवला गेला. कॉमन्सचा ठराव, लिबरल सरकार, आणि निर्णय मात्र तोच जो सॅलिस्बरींनी घेतला असता. यात कोणी अपशब्द वापरला नाही. म्हणून कोणी मेजवानीही दिली नाही आणि कोणी निषेधसभाही घेतली नाही. माझ्या मते दादाभाईंच्या आयुष्यातला सर्वांत मोठा अपमान एडिंबरोच्या सभेत झाला नाही, तो या सरकारी टपालात झाला.

१८९५ मध्ये निवडणुका आल्या. हुजूर पक्षाची लाट होती, दादाभाई पडले आणि सॅलिस्बरी पुन्हा पंतप्रधान झाले. पण त्या निवडणुकीतली खरी गंमत पूर्व लंडनच्या बेथनल ग्रीनमध्ये घडली. तिथून एक भारतीय निवडून आला, आणि तो चक्क सॅलिस्बरींच्या पक्षाचा! मंचेरजी भावनगरी, मुंबईचेच, पारशीच. सात वर्षांपूर्वी ज्या पक्षाच्या सर्वोच्च नेत्याला असा उमेदवार विसंगत वाटत होता त्याच पक्षाने आता कामगार वस्तीत असा उमेदवार दिला आणि निवडून आणला, कारण हा भारतीय काँग्रेसच्या विरोधात बोलणारा, साम्राज्याचा भक्त होता. दोन वर्षांत त्यांना सर ही पदवीही मिळाली. रंग तोच होता, मत सोयीचे होते.

भावनगरींनी १६० मतांनी ज्यांना पाडले ते जॉर्ज हॉवेल. हे काही ऐरेगैरे नव्हते. गवंडीकाम करून वर आलेले, कामगार चळवळीतले जुने पुढारी, लिबरलांच्या गोटातले. पराभवानंतर त्यांनी कडवटपणे लिहिले की दहा वर्षे पार्लमेंटात राबलो आणि भारतातून आलेल्या एका काळ्या परक्या माणसाने मला हाकलले. तोच शब्द. सॅलिस्बरींच्या तोंडी तो पाप होता आणि त्याच्या निषेधात पुढे असलेल्या बाजूच्याच एका भल्या, कष्टाळू माणसाच्या लेखणीतून तो सहज उतरला. हॉवेल यांना मी दुष्ट म्हणणार नाही. जागा गेलेल्या माणसाचे दुःख होते. पण माणूस दुखावला की हाताला कोणता दगड लागतो त्यावरून त्याच्या अंगणात काय पडलेले आहे ते कळते.

आपली बाजूही स्वच्छ नव्हती. भावनगरींच्या नावाची मोडतोड करून भारतातल्या राष्ट्रवाद्यांनी त्यांना मान तुकवून होयबा म्हणणारा, असे नाव पाडले. रागाचे कारण राजकीय होते हे खरे. पण हेच भावनगरी दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांच्या बाजूने कॉमन्समध्ये वर्षानुवर्षे खंबीरपणे उभे राहिले. गांधीजी नाताळहून दोघांनाही पत्रे लिहीत, आणि दोघेही त्या पत्रांवर काम करत. एवढे लक्षात ठेवायला आपल्याला जड जाते, कारण माणूस दुसऱ्या बाकावरचा.

मघाशी दादाभाईंच्या कच्च्या दुव्याबद्दल म्हटले होते. आम्ही रानटी नव्हे, हा बचाव त्यांना १८६६ मध्ये पुरेसा वाटत होता. पण काळा हा शिक्का स्वतःवर बसल्यावर त्यांची संगत बदललेली दिसते. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांना जमाव झाडाला लटकवून मारत होते, त्याविरुद्ध आयडा वेल्स ही तरुण पत्रकार ब्रिटनमध्ये आवाज उठवायला आली. १८९४ मध्ये लंडनमध्ये त्यासाठी जी समिती झाली तिच्या सभासदांत दादाभाईंचे नाव आहे. १९०० मध्ये हेन्री सिल्व्हेस्टर विल्यम्स यांनी लंडनमध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांची परिषद भरवली, तिलाही त्यांची मदत झाली. मी काळा नाही असे ओरडून सांगण्यापेक्षा हा रस्ता लांबचा होता. दादाभाईंनी त्यावर भाषणबाजी केली नाही, नाव दिले, पैसे दिले.

बाकीचे आयुष्य वाचकांना माहीत आहे. वेल्बी कमिशनवर ते सभासद होते आणि तिथेच साक्षीदार म्हणूनही बसले. गोखले तिथे साक्ष द्यायला पुण्याहून आले ते याच कमिशनपुढे. बहुमताच्या अहवालावर दादाभाईंनी सही केली नाही, वेडरबर्न आणि केन यांच्याबरोबर वेगळा अहवाल दिला. १९०१ मध्ये त्यांचे मोठे पुस्तक आले. भारतातले राज्य ब्रिटिश म्हणवण्याच्या लायकीचे नाही, हा आरोप त्यांनी थेट नावातच घातला. चाळीस वर्षांचे आकडे त्यात आहेत. भारतीय माणसाचे सरासरी उत्पन्न वर्षाला २० रुपये, हे त्यांनी पिकांचे हिशेब मांडून दाखवले होते. तुरुंगातल्या कैद्याला सरकार जे खायला घालते तेवढेही या पैशात होत नाही, हेही. इंग्रजांनी घरी वापरायचे माप आणि भारतात वापरायचे माप वेगळे आहे, एवढे एकच वाक्य ते आयुष्यभर निरनिराळ्या आकड्यांत लिहीत होते.

१९०६ मध्ये, ऐंशी वर्षांचे असताना, ते पुन्हा एकदा लंडनच्या नॉर्थ लॅम्बेथमधून उभे राहिले. त्या वर्षी लिबरल पक्षाची अशी लाट होती की पक्षाचा खांबसुद्धा निवडून आला असता. पण पक्षाने अधिकृत उमेदवारी दुसऱ्यालाच दिली होती. दादाभाई अपक्ष लिबरल म्हणून लढले आणि तिसऱ्या क्रमांकावर राहिले. अधिकृत उमेदवार जिंकला.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते कलकत्त्याला काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून आले. टिळकांचा जहाल गट आणि मवाळ गट एकमेकांना भिडायच्या बेतात होते आणि दोघांनाही मान्य असे तेवढे एकच नाव उरले होते. त्यांचा आवाज क्षीण झाला होता, म्हणून अध्यक्षीय भाषणाचा बहुतेक भाग गोखल्यांनी वाचून दाखवला. त्यात काँग्रेसच्या व्यासपीठावरून स्वराज्याची मागणी होती. चाळीस वर्षे इंग्रजांच्या न्यायबुद्धीला हाक घालणारा माणूस शेवटी या शब्दापाशी आला.

१९०७ मध्ये ते कायमचे परतले आणि वर्सोव्याला समुद्राकाठी राहिले. अॅनी बेझंट यांच्या होमरूल लीगचे अध्यक्षपद वयाच्या नव्वदीत स्वीकारले. ३० जून १९१७ रोजी मुंबईत गेले. मुंबईतला दादाभाई नौरोजी रस्ता सगळ्यांना माहीत आहे. लंडनला कोणी गेलात तर फिन्सबरीतही त्यांच्या नावाची एक गल्ली आहे, नौरोजी स्ट्रीट. लहानशीच आहे, शोधावी लागते.